सेंटरसाठी राखलेली खोली

आमच्या घरमालकांनी मला आडनाव विचारलं नाही. उंची विचारली.

आदिलाबादला मास्तरकीची ऑर्डर मिळाली आणि मी बेल्याकडच्या आमच्या गावाहून एक पेटी आणि एक वळकटी घेऊन आलो. खोली शोधत गावभर फिरलो. खोल्या रिकाम्या होत्या. बोलणंही चांगलं व्हायचं. नळाला पाणी कधी येतं, संडास कुठं आहे, इथपर्यंत गाडी यायची. मग घरवाले सहज म्हणून आडनाव विचारायचे आणि ते ऐकलं की त्यांना एकाएकी आठवायचं, ही खोली तर भाच्यासाठी ठेवलेली आहे. आदिलाबादेत इतके भाचे खोलीविना असतील असं मला वाटलं नव्हतं.

शेवटी मावल्याच्या रस्त्याला लागून एका गल्लीत शिरलो. एका फाटकात अगदी बुटका, साठीचा माणूस उभा होता. अंगात बनियन, खाली पांढरा पायजमा, गळ्यात दोरीला बांधलेली शिट्टी. महसूल खात्यातून रिटायर झालेले गिरदावर. म्हणजे पटवाऱ्यांच्या डोक्यावरचा साहेब. आंध्र सरकारनं त्या हुद्द्याचं नाव कधीच बदलून टाकलं होतं, पण गल्ली त्यांना गिरदावर साहेबच म्हणायची.

"खोली पाह्यजे होती," मी म्हणालो.

"उंची किती?"

"जी?"

"उंची, उंची."

"पाच फूट चार इंच."

बाजारात बैल पाहावा तसे ते माझ्याभोवती एक फेरी मारून आले. मनगटं दाबून पाहिली. "बॉल कोणाले द्याचा अन् कोणाले नाही, हे समजते?"

मी घाबरून म्हणालो, "मी शिक्षक आहे."

"मंग चालते. पॉइंट गार्ड. पहिली खोली."

गार्ड म्हटल्यावर मला वाटलं, राखणदारी करावी लागणार. "साहेब, रात्री जागणं जमणार नाही, सकाळी शाळा असते," मी सांगून टाकलं. त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं आणि किल्ली हातात ठेवली. पेटी आत ठेवून मी बराच वेळ तिच्यावरच बसून राहिलो. आता कोणी येईल आणि आडनाव विचारील म्हणून. कोणी आलं नाही. काकू, म्हणजे त्यांच्या बायको, चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तुमालेबी मोजलं का बाप्पा?"

अंगणाच्या कडेनं भाड्याच्या पाच खोल्या होत्या आणि साहेबांनी त्या बास्केटबॉलच्या पाच जागांप्रमाणे वाटल्या होत्या. दुसऱ्या खोलीत बसचा कंडक्टर. तेलुगू माणूस, चालत्या गाडीत दांडा धरून धरून हात लांब झालेला. तिसऱ्या खोलीत वीज ऑफिसातला कारकून, तरुणपणी खांबांवर चढायचा म्हणून. चौथ्यात जनावरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर, कारण त्याला बिथरलेला गोऱ्हा एकट्यानं धरता यायचा. पाचवी खोली मात्र कुलपात. ती सेंटरची. सेंटर म्हणजे टीममधला सगळ्यात उंच गडी, रिंगखाली उभा राहणारा. तसा भाडेकरू मिळेपर्यंत खोली द्यायची नाही असा साहेबांचा हुकूम होता. एक बँकेचा कॅशियर आला, त्याला दारातूनच परत पाठवलं. बायको-पोरांसह आलेल्या एका लेक्चररला चौकटीला पाठ लावून उभं केलं, वर उरलेली जागा दाखवली आणि "माफ करा" म्हणून हात जोडले. लेक्चरर बिचारा बराच वेळ चौकटीकडे पाहत राहिला. आपल्यात काय कमी पडलं ते त्याला समजेना.

हे वेड त्यांना लागलं कसं, याची हकीकत काकूंनी सांगितली. रिटायर झाल्यावर साहेबांनी टीव्ही आणि केबल घेतली. पहिल्याच पावसाळ्यात वीज कडाडली आणि तेव्हापासून त्या टीव्हीवर एकच चॅनल दिसायला लागलं, खेळांचं. बाकी सगळीकडे मुंग्या. मेकॅनिक म्हणाला, दुरुस्त होते. साहेब म्हणाले, राहू दे. सकाळी सकाळी त्या चॅनलवर अमेरिकेतले उंच उंच लोक घामाघूम होऊन चेंडू टोपलीत टाकत असायचे. साहेबांनी जन्मात कधी चेंडू हातात धरला नव्हता. पण उभी नोकरी त्यांनी शिवारं पाहण्यात घालवली होती. पेरा कुठं दाट, कुठं विरळ, कोणाच्या शेतात काय पिकेल, हे बांधावरून सांगायची त्यांना सवय. रिटायर झाल्यावर पाहायला शिवार उरलं नव्हतं, ते टीव्हीत सापडलं.

इंग्रजी त्यांना येत नव्हतं. मॅच ते आवाज बंद करून पाहायचे. त्यामुळे टीमांची नावं त्यांनी कपड्यांवरून ठेवली होती, हिरवेवाले, जांभळेवाले, लालवाले. आणि कोणाचं काय चाललंय हे ते तोंडांवरून ओळखायचे.

आमच्याकडे कापसाची पहिली वेचणी सुरू होते, त्याच सुमाराला तिकडे त्यांचा हंगाम सुरू होतो. तेव्हा एका रविवारी सकाळी साहेब शिट्टी वाजवून आम्हा सगळ्यांना लिंबाखाली बोलवायचे. स्वतः खुर्चीवर, आम्ही खाली सतरंजीवर. सुरुवातीच्या दिवसांत नजर कुठं कुठं ठेवायची, हे ते सांगायचे.

"पह्यलं. हिरव्यांचा मास्तर अन् तो दाढीवाला लंबू. बोलत नाहीत एकमेकाशी. मास्तर समजावून सांगते तवा लंबू दुसरीकडं पाहाते. हे बांधाचं भांडण हाय."

"साहेब, तिथं कुठला बांध?" कारकून विचारायचा.

"तुले काय मालूम? मी बांधाची भांडणं तोंड पाहून सांगतो. वाटणी होते का नाही पाहा. दुसरं. जांभळ्यांनी नवा पोट्टा आणला. बॉल हातात आला का कोणाले देतच नाही. एकुलता एक असन घरी. त्याले आत्ताच शहाणा केला तर केला. तिसरं. लालवाल्यांचा म्हातारा. गुडघ्याले पट्टी बांधून उतरून राह्यला. कब्जा सोडाचं मन होत नाही त्याचं. त्याच्या जागी कोणाले उभं करतात, तिकडं लक्ष ठेवा. पह्यल्या वेचणीत समजते सगळं. मंग हंगामभर नुसतं मोजाचं राहाते."

त्या वर्षी खरंच तो दाढीवाला महिनाभरात दुसऱ्या टीमच्या कपड्यांत दिसला. साहेब बनियनवर गल्लीत धावले. "वाटणी झाली! वाटणी झाली!" शेजारच्या घरी दोन भावांचा खरोखरीचा वाद चालू होता, तिथून एक भाऊ पांढराफटक होऊन बाहेर आला. साहेबांनी त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

अमेरिका झाली की आमची पाळी. "कंडक्टरची ड्युटी बदलली, तो प्रॅक्टिसले कसा येते ते पाहाचं. कारकुनाचं पोट. पॉइंट गार्ड सणाले गावी जाते अन् जड होऊन येते. अन् शेवटचं, पाचवी खोली."

आतून काकूंचा आवाज यायचा. "त्या खोलीवर नजर ठेवून ठेवून माझे डोळे गेले!"

प्रॅक्टिस अंगणातच. पहिली रिंग साहेबांनी लोहाराकडून बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेची करून लिंबाला ठोकली होती. त्यातून चेंडूच काय, कंडक्टरही आरपार गेला असता. कोणीही कुठूनही टाकला तरी गोल, त्यामुळे साहेबांना महिनाभर वाटत होतं की आपली टीम जगात भारी आहे. मग लोहारानंच न राहवून ती लहान करून दिली आणि आमचा एकही चेंडू आत जाईना. साहेब म्हणाले, "पिकाले एखादा टाइम नजर लागते."

पुढच्या हंगामाच्या पहिल्याच सकाळी सिस्टर आली. नार्नूरकडची बाई, तिशीची, सरकारी दवाखान्यात बदली होऊन आलेली. नवऱ्यानं टाकलेली, एकटी, म्हणून तिलाही खोली मिळत नव्हती. टीव्ही चालू होता आणि टीव्ही चालू असताना साहेब घराला आग लागली तरी उठत नसत. सिस्टर फाटकातून आत आली आणि ओसरीच्या चौकटीत शिरताना तिनं मान वाकवली. त्या घरात आजवर कोणाला मान वाकवावी लागली नव्हती.

साहेब उठून उभे राहिले. टीव्हीकडे त्यांची पाठ झाली. त्यांनी विचारलं, "उंची किती?"

सिस्टरच्या कपाळावर आठी आली. तिला लहानपणापासून हेच ऐकावं लागलं होतं. शाळेत शिडी, सासरी बांबू. "माप घ्याचा इतका शौक असन तर शिंप्याचं दुकान टाका," ती म्हणाली आणि चालू लागली.

साहेब अनवाणी तिच्यामागे धावले. तिची एक ढांग म्हणजे यांच्या तीन. मावल्याच्या रस्त्यावर त्यांनी तिला गाठलं आणि भर चौकात हात जोडून ओरडले, "सिस्टर, जाऊ नका! किती दिवसापासून खोली तुमच्यासाठी रिकामी ठेवली!"

चहाच्या टपरीवरचे लोक उठले. एकानं बाही वर सारली. मी मागून धापा टाकत पोचलो आणि सांगू लागलो की साहेब वाईट चालीचे नाहीत, त्यांना फक्त रिंगखाली उभं करायला कोणीतरी पाहिजे आहे. हे ऐकून दुसऱ्यानंही बाही सारली. वाचवलं काकूंनी. त्या पीठ लागलेल्या हातांनीच आल्या आणि सिस्टरचं मनगट धरून म्हणाल्या, "बाई, ह्यांले बॉलचं याड लागलं. दुसरं काही नाही. तुमी खोली पाहून घ्या. आतून कडी हाय."

सिस्टरनं खोली घेतली, पण खेळायला साफ नकार दिला. "मी सुया टोचते. बॉल टोचत नाही." साहेब रोज सकाळी विचारायचे, ती रोज नाही म्हणायची. त्यांनी तिच्यासाठी लिंबाखालची जागा शेणानं सारवून घेतली, तिथं तिनं कपडे वाळत घालायची दोरी बांधली.

एकदा ती धुतलेली साडी पिळत होती. कंडक्टरच्या हातून निसटलेला चेंडू तिच्या पायाशी गेला. तिनं एका हातात साडी तशीच धरून दुसऱ्या हातानं चेंडू उचलला आणि आमच्याकडे न पाहता भिरकावला. तो रिंगच्या मधोमध, कुठंही न लागता, आत पडला. साहेबांच्या तोंडातली शिट्टी गळून पडली. ती साडी झटकून वाळत घालू लागली, तरी ते तोंड उघडंच ठेवून उभे.

हा एवढाच प्रकार, पण गल्लीनं पाहिला. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरचे किराणावाले शेठ चार माणसं घेऊन आले. "गिरदावर साब, ये बहू-बेटियों का मोहल्ला है," ते म्हणाले. एकटी बाई, वेळी-अवेळी ये-जा, आणि आता पुरुषांबरोबर चेंडू. तिला काढा.

साहेबांनी आधी खुर्ची मागवली. लिंबाखाली बसले आणि सगळ्यांना समोर उभं केलं, नोकरीत करायचे तसं. "दरख्वास्त कोणाची? नियम दाखवा. उंचीचा नियम हाय, ते बाईनं पुरा केला. बाईमाणूस नाही पाह्यजे असं कोणत्या नियमात हाय?"

इथं थांबले असते तर किती बरं झालं असतं. पण शेठचे पुतणे पोलीस ग्राउंडवर रोज हाच खेळ खेळतात हे त्यांना ठाऊक होतं, आणि डोळ्यांसमोर तो आत पडलेला चेंडू होता. ते उठले आणि म्हणाले, "मॅच लावा. तुमचे पोट्टे अन् माझे भाडेकरू. आमी हारलो तर खोली खाली."

शेठ हसत गेले. सिस्टर पाचव्या खोलीच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. साहेब उत्साहानं तिच्याकडे वळले. "आता तं खेळाच लागते सिस्टर! आता काय करान?"

ती हळू बोलली. "साहेब, मले लय घरांतून काढलं. माहेरातून काढलं, सासरातून काढलं. पण पैजेवर लावून कोणी नव्हतं काढलं." आणि तिनं दार लावून घेतलं. कडीचा आवाज आला.

साहेब त्या दारापुढेच उभे होते. कंडक्टर माझ्या कानाशी म्हणाला, "अय्यो, सारू, ये क्या कर दिया इन्होंने."

मॅचच्या दिवशी सिस्टर ड्युटीवर गेली. मैदानावर आम्ही चौघंच. साहेबांनी पायजमा वर खोचला, कॅनव्हासचे बूट चढवले आणि सेंटर म्हणून स्वतः रिंगखाली उभे राहिले. शेठच्या पुतण्यांच्या कमरेच्या जरा वर. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि ते मॅचभर खाली घेतले नाहीत. शिट्टी दुसऱ्या कोणाकडे नव्हती, ती यांच्याच गळ्यात. त्यामुळे पंचही तेच. थोड्याच वेळात त्यांचा एका पुतण्याला धक्का लागला. साहेबांनी शिट्टी वाजवली आणि स्वतःकडे बोट दाखवलं. फाऊल. पुन्हा धक्का, पुन्हा शिट्टी. शेठ ओरडले, "अरे साब, चलता है!" साहेब पंचनामा लिहावा तसे म्हणाले, "कसं चलता है? मौक्यावर मी हजर होतो." असं करत करत त्यांनी स्वतःला इतके फाऊल दिले की नियमाप्रमाणे स्वतःलाच मैदानाबाहेर काढलं, आणि रेषेबाहेर उभे राहून उरलेल्या आमच्या चौघांची कत्तल पाहिली. आमचे गोल किती झाले ते मी इथं सांगणार नाही. शेवटचा तर कंपाउंडरनं चुकून आमच्याच रिंगमध्ये टाकला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेठ आले. सिस्टरनं गाठोडं आधीच बांधून ओट्यावर ठेवलं होतं. साहेब मान खाली घालून उभे. "शब्द देल्ला होता," ते पुटपुटले. दिलेला शब्द मोडणं त्यांना येत नव्हतं आणि पाळणंही होत नव्हतं.

तेवढ्यात काकू बाहेर आल्या. "घराचा पट्टा कोणाच्या नावावर हाय?"

खात्यात त्या काळी सगळेच घर बायकोच्या नावावर करायचे. साहेब म्हणाले, "तुह्या."

"मंग दुसऱ्याच्या घरावर पैज लावली तं ते कोणत्या नियमात बसते?"

साहेबांनी प्रामाणिकपणे विचार केला. "कशातच नाही बसत."

काकू शेठकडे वळल्या. "शेठ, पैज ह्या माणसानं लावली, हारलं हे माणूस. माझ्या घरात एक खोली ह्याचीबी हाय. ते खाली होते. झालं समाधान?"

"मतलब... कौन जाएगा?" शेठनं विचारलं.

"हे." काकूंनी नवऱ्याकडे बोट दाखवलं, आत गेल्या आणि त्यांची पेटी आणून सिस्टरच्या गाठोड्याशेजारी ठेवली. गाठोडं मात्र उचलून स्वतः पाचव्या खोलीत नेऊन टाकलं. शेठ उघड्या तोंडानं परत गेले. भांडायला आलेल्या माणसाला भांडण्यासारखं काही उरलंच नाही.

साहेबांनी पेटी उचलली. अंगणाच्या मधोमध उभं राहून पाचही दारांकडे पाहिलं आणि माझ्याकडे आले. "मास्तर, जागा हाय का?"

आमच्या आदिलाबादची थंडी मोठी कडक. त्या थंडीत घरमालक भाडेकरूच्या खोलीत खाटेवर आणि भाडेकरू खाली सतरंजीवर, असा आमचा संसार सुरू झाला. जेवणाचं ताट काकू पाठवायच्या, त्यात कसूर नाही. पण उंबऱ्याच्या आत पाऊल नाही. आणि टीव्ही आत होता.

सकाळी साहेब मफलर गुंडाळून ओसरीच्या खिडकीबाहेर विटांवर चढून उभे राहायचे. आत काकू आणि ड्युटी संपवून आलेली सिस्टर चहा पीत तेच चॅनल पाहायच्या. दुसरं दिसतच नव्हतं. पहिल्या दिवशी काकूंनी खिडकी लावून घेतली. पुढं एक फळी उघडी ठेवू लागल्या. मग त्यांना खेळातलं काही समजेनासं झालं की मोठ्यानं म्हणायच्या, "हे शिट्टी काऊन वाजवली असन बाई?" आणि बाहेरून साहेब जीव खाऊन उत्तर ओरडायचे. आख्ख्या गल्लीला ऐकू जायचं.

एक दिवस नळावर सिस्टर बादली भरत होती. मी दात घासत होतो. साहेब तिच्यापाशी जाऊन उभे राहिले. "सिस्टर, ते पैज मी रद्द केली."

"हारल्यावर?"

"हारल्याबिगर रद्द करावं वाटत नाही ना." मग ते नळाकडे पाहून म्हणाले, "माझं लय चुकलं."

बादली भरून वाहू लागली तरी सिस्टरनं नळ बंद केला नाही. मग बादली उचलली आणि सरळ काकूंच्या दारात गेली. मीही तोंडात ब्रश तसाच ठेवून मागे गेलो.

"काकू," ती म्हणाली, "ह्यांले घरात घ्या."

"काऊन?"

"मी रातभर वार्डात उभी राहाते. सकाळी डोळा लागला का हे खिडकीतून बोंबलतात. मले झोप पाह्यजे. आत बसून हळू बोलतीन."

काकूंनी पदराला हात पुसले. साहेब एव्हाना माझ्या खोलीत जाऊन पेटी घेऊन आले होते आणि उंबऱ्याच्या बाहेर, मैदानाच्या रेषेवर उभं राहावं तसे उभे होते.

"कायमचं, का या हंगामापुरतं?" त्यांनी विचारलं. नियम समजून घेतल्याशिवाय ते आत पाऊल टाकणार नव्हते.

"आधी पाय धुवा," काकू म्हणाल्या.

साहेबांनी पेटी खाली ठेवली. सिस्टरनं बादलीत तांब्या बुडवला आणि त्यांच्यापुढे धरला, तिच्या हिशेबानं अगदी खाली. तो घ्यायला साहेबांना दोन्ही हात डोक्याच्या वर न्यावे लागले.